स्वतःच्या कंपनीतून स्टुडिओच्या सेटवर पोचायला तिला १३ वर्षं लागली : गोष्ट आयडा लुपिनोची

२०२३ मध्ये 'बार्बी' आला तेव्हा गुलाबी कपडे घालून थिएटरला गेलेल्यांच्या फोटोंनी सगळ्यांचं फीड भरून गेलं होतं. या पिक्चरनं जगभरात १.४ अब्ज डॉलरपेक्षा जास्त गल्ला केला. दिग्दर्शिका होती ग्रेटा गरविग. २०१७ मध्ये 'लेडी बर्ड' हा छोट्या बजेटचा सिनेमा करून तिनं नाव कमावलं होतं. 'द रायडर'सारखा छोटा सिनेमा करणाऱ्या क्लोई झाओकडेही मार्व्हलनं 'इटर्नल्स' सोपवला होता.

म्हणजे रस्ता ठरलेला. आधी स्वतःच्या हिमतीवर छोटा सिनेमा करायचा, तो गाजला की मोठा स्टुडिओ बोलावतो, मग मोठं बजेट आणि मोठे स्टार.

पण बायकांसाठी हा रस्ता कधीच इतका सरळ नव्हता. सत्तर वर्षांपूर्वी या रस्त्यावर एक बाई जवळपास एकटीच चालत होती. तिनं स्वतःची कंपनी काढली, चार वर्षांत सहा सिनेमे दिग्दर्शित केले आणि त्यानंतर स्टुडिओचा सिनेमा मिळायला तिला १३ वर्षं लागली. मिळाला तोही एकच.

तिचं नाव आयडा लुपिनो.

नाटकवाल्यांच्या घरातली पोरगी

आयडाचा जन्म ४ फेब्रुवारी १९१८ चा, लंडनमधला. पहिलं महायुद्ध अजून चालू होतं. वडील स्टॅनली लुपिनो हे तिथल्या रंगभूमीवरचे नावाजलेले विनोदी नट, आई कॉनी एमेराल्ड अभिनेत्री. लुपिनो घराण्यात कितीतरी पिढ्या नाटक, नाच आणि विनोद यांवरच घर चालत आलं होतं. साहजिकच आयडा काय करणार हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये ती शिकली आणि १९३२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, 'हर फर्स्ट अफेअर' या सिनेमात तिला मोठी भूमिका मिळाली.

पुढच्याच वर्षी पॅरामाउंट स्टुडिओनं तिला हॉलिवूडला बोलावलं. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'साठी तिचा विचार झाला होता, पण तो रोल दुसऱ्याच मुलीकडे गेला. मग किरकोळ भूमिका सुरू झाल्या. केस सोनेरी रंगवायचे, हसायचं आणि फ्रेममधून बाहेर पडायचं.

त्यात १९३४ मध्ये तिला पोलिओ झाला. त्या काळात पोलिओवर लस नव्हती. आयडा सोळा वर्षांची होती आणि तिचं सगळं करिअर चालण्या-नाचण्यावर उभं होतं. ती त्यातून बरी झाली, पण शरीर कधीही दगा देऊ शकतं हे तिच्या डोक्यात कायमचं बसलं. फक्त पडद्यावर दिसण्याच्या भरवशावर राहायचं नाही, लिहिता आलं पाहिजे, पडद्यामागचं कामही आलं पाहिजे, हा विचार तिथून सुरू झाला. ती संगीतही रचायची. तिची एक रचना १९३७ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदानं सादर केली होती.

पगार बंद, शिकणं चालू

अभिनेत्री म्हणून तिचं नशीब उघडलं ते १९३९ च्या 'द लाइट दॅट फेल्ड'नं. मग वॉर्नर ब्रदर्सनं तिला करारावर घेतलं. 'दे ड्राइव्ह बाय नाइट' गाजला. १९४१ च्या 'हाय सिएरा'मध्ये तर श्रेयनामावलीत तिचं नाव हम्फ्री बोगार्टच्या आधी होतं. 'द हार्ड वे'साठी तिला न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

पण वॉर्नरमध्ये आधीच एक महाराणी बसली होती, बेटी डेव्हिस. डेव्हिसनं नाकारलेले रोल आयडाकडे यायचे. स्वतःला गरिबांची बेटी डेव्हिस म्हणवून आयडा त्यावर विनोदही करायची.

आता तेव्हाची स्टुडिओ सिस्टीम कशी चालायची ते समजून घेऊ. नट-नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असायच्या. कुठला सिनेमा करायचा हे स्टुडिओ ठरवायचा. नाही म्हटलं की सस्पेन्शन. म्हणजे पगार बंद आणि दुसरीकडे काम करायलाही बंदी.

आयडा रोल नाकारत राहिली आणि सस्पेंड होत राहिली. मात्र या सक्तीच्या सुट्ट्यांत ती घरी बसली नाही. ती सेटवर जाऊन दिग्दर्शक शॉट कसा लावतो ते बघायची. कॅमेरामनशी बोलायची, एडिटिंग कसं होतं ते समजून घ्यायची. स्टुडिओनं शिक्षा म्हणून दिलेला वेळ तिनं असा वापरला.

१९४७ च्या सुमारास तिनं वॉर्नर सोडलं. स्टारपण होतं, पण कुठल्याच स्टुडिओशी लांबचा करार नव्हता. १९४८ मध्ये तिनं निर्माता-लेखक कोलियर यंगशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून ठरवलं की आता स्वतःचे सिनेमे स्वतःच करायचे.

दिग्दर्शक आजारी पडला आणि...

पहिला सिनेमा होता 'नॉट वॉन्टेड', साल १९४९. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीची गोष्ट. आयडा त्याची सहलेखिका आणि निर्माती होती. दिग्दर्शनासाठी एलमर क्लिफ्टन या जुन्या दिग्दर्शकाला घेतलं होतं. शूटिंग सुरू होऊन तीन दिवस झाले आणि क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला.

नवा दिग्दर्शक आणायला कंपनीकडे पैसे नव्हते. मग आयडाच कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि तिनं सिनेमा पूर्ण केला. श्रेयनामावलीत मात्र दिग्दर्शक म्हणून क्लिफ्टन यांचंच नाव ठेवलं.

सिनेमाचा विषयही बघा. तेव्हा हॉलिवूडवर हेज कोडचा पहारा होता. ही स्टुडिओंनी स्वतःवर लादून घेतलेली सेन्सॉरशिप. काय दाखवायचं, काय नाही, शेवटी कुणाला शिक्षा झाली पाहिजे, हे सगळं त्यात ठरलेलं. कुमारी माता हा विषय त्यात धोक्याचाच. आयडानं कोडवाल्यांशी वाटाघाटी करून कथा मंजूर करून घेतली आणि त्या मुलीला पापी न ठरवता तिची गोष्ट सांगितली.

यानंतर आयडा, कोलियर यंग आणि लेखक माल्विन वाल्ड यांची 'द फिल्ममेकर्स' ही कंपनी उभी राहिली. धोरण साधं होतं. बजेट कमी, कलाकार नवे, शूटिंग शक्यतो खऱ्या जागी आणि विषय असे की ज्यांना मोठे स्टुडिओ हात लावत नाहीत.

'नेव्हर फिअर'मध्ये पोलिओ झालेली एक नर्तिका आहे. ही गोष्ट कुठून आली हे सांगायला नको. सिनेमाचा बराच भाग सँटा मोनिकाच्या एका खऱ्या पुनर्वसन केंद्रात शूट झाला आणि तिथले खरे रुग्ण त्यात दिसतात. व्हीलचेअरवर बसून केलेल्या समूहनृत्याचा त्यातला सीन आजही बघणाऱ्याला थांबवतो. सिनेमा मात्र चालला नाही.

मग १९५० मध्ये आला 'आउटरेज'. विषय बलात्कार. कोडमुळे सिनेमात तो शब्दही उच्चारता येत नव्हता. आयडानं काय केलं? ऑफिसातून उशिरा निघालेली मुलगी, रिकामे रस्ते, मागे येणारा माणूस आणि अडकून सतत वाजत राहिलेला ट्रकचा हॉर्न. कॅमेरा वर सरकतो, वरच्या मजल्यावरचा शेजारी आवाज ऐकून खिडकीशी येतो आणि खिडकी लावून घेतो. बस. एवढ्यात सगळं सांगून झालं.

नंतरचा बहुतेक सिनेमा त्या मुलीचं पुढे काय होतं यावर आहे. शेजाऱ्यांच्या नजरा, ऑफिसातली कुजबुज, आई-वडिलांची अवघडलेली माया, लग्नाची घाई करणारा होणारा नवरा आणि शेवटी तिचं घर सोडून पळून जाणं. हा सिनेमा पाऊणशे वर्षांपूर्वीचा आहे हे बघताना स्वतःला आठवण करून द्यावी लागते.

स्टुडिओचा पहिला हात

'आउटरेज'पासून एक नवी व्यवस्था सुरू झाली. आरकेओ हा तेव्हाचा मोठा स्टुडिओ, मालक अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज. आरकेओनं 'द फिल्ममेकर्स'च्या सिनेमांना पैसा आणि थिएटरं द्यायची आणि नफ्यात वाटा घ्यायचा, असा व्यवहार ठरला.

छोट्या कंपनीसाठी ही लॉटरीच होती. सिनेमा बनवणं एक वेळ जमतं, तो देशभरातल्या थिएटरात लावणं स्टुडिओशिवाय जमत नाही. बदल्यात स्टुडिओचा शब्द मानावा लागायचा आणि हिशेबातला मोठा घासही त्यांचाच.

याच काळात ती दिग्दर्शकांच्या संघटनेची सदस्य झाली. तिथं तिच्याआधी एकच बाई होती, डोरोथी आर्झनर, आणि आर्झनरचा शेवटचा सिनेमा १९४३ मध्ये येऊन गेला होता. बैठकीत बोलणारे आधी सगळ्या पुरुषांना एकत्र संबोधायचे आणि मग एकट्या आयडाचं नाव वेगळं घ्यायचे, असं सांगतात.

१९५१ च्या 'हार्ड, फास्ट अँड ब्युटिफुल'मध्ये तिनं टेनिसपटू मुलगी आणि तिच्या यशावर स्वतःची स्वप्नं पुरी करून घेणारी आई दाखवली. आणि १९५३ मध्ये आला तिचा सगळ्यात गाजलेला सिनेमा, 'द हिच-हायकर'.

सहा जणांचा जीव घेणाऱ्या बिली कुक नावाच्या गुन्हेगारानं तेव्हा अमेरिका हादरवली होती. त्याच्यावरूनच ही गोष्ट सुचली. खऱ्या गुन्हेगाराचं चित्रण कोडला चालत नसल्यानं नावं आणि तपशील बदलले. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एकाला लिफ्ट देतात आणि तो बंदूक काढतो. त्याचा एक डोळा नीट मिटत नाही, त्यामुळे तो झोपलाय की जागा आहे हेच या दोघांना कळत नाही. पळायचं तरी कसं?

यात एकही महत्त्वाचं स्त्री-पात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या उजाड टेकड्यांना मेक्सिकोचं वाळवंट बनवलंय. मेक्सिकन पात्रं स्पॅनिश बोलतात आणि खाली भाषांतर येत नाही, त्यामुळे ती भाषा न येणारा प्रेक्षकही गाडीतल्या खुन्याइतकाच गोंधळतो. बायकांनी फक्त बायकांचे भावनिक सिनेमे करावेत असं मानणाऱ्यांना तिनं सव्वा तासापेक्षाही कमी वेळात उत्तर दिलं.

त्याच वर्षी 'द बिगॅमिस्ट' आला. सॅन फ्रान्सिस्कोत एक बायको, लॉस एंजेलिसमध्ये दुसरी, असा फिरता सेल्समन. एका बायकोच्या भूमिकेत आयडा, दुसरीच्या भूमिकेत जोन फॉन्टेन. पडद्यामागची गंमत अशी की सिनेमाचा लेखक-निर्माता होता कोलियर यंग. तोवर त्याचा आणि आयडाचा घटस्फोट झाला होता आणि त्यानं जोन फॉन्टेनशी लग्न केलं होतं! आयडानंही अभिनेता हॉवर्ड डफशी लग्न केलं होतं आणि १९५२ मध्ये तिला मुलगी झाली होती. तरी कंपनीचं काम एकत्रच चालू होतं.

कंपनी बुडाली कशी?

आरकेओला मिळणारा वाटा कंपनीच्या डोळ्यावर येत होता. आपले सिनेमे आपणच वितरित करू, असं भागीदारांनी ठरवलं. आयडाचा याला विरोध होता. सिनेमा बनवणं आणि तो विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत आणि दुसरा आपल्याला येत नाही, असं तिचं मत होतं.

'द बिगॅमिस्ट' कंपनीनं स्वतः बाजारात आणला. पण थिएटरं मिळवायची, प्रिंटा पाठवायच्या, जाहिरात करायची, वसुली करायची, यासाठी लागणारी यंत्रणा त्यांच्याकडे नव्हतीच. काही काळातच कंपनी बंद पडली.

इथं खरा प्रश्न येतो. सहा सिनेमे केलेली, कमी पैशात काम वेळेत करणारी, वर स्वतः स्टार असलेली ही दिग्दर्शिका. तिला एखाद्या स्टुडिओनं लगेच उचलायला हवं होतं. तसं झालं नाही.

'मदर' नावाची खुर्ची

तिला उचललं टीव्हीनं. टीव्ही नवा होता, एपिसोड भराभर लागायचे आणि दोन-तीन दिवसांत अर्धा तास शूट करून देणारा माणूस हवा असायचा. कमी पैशात काम उरकायची सवय आयडाला होतीच.

गंमत म्हणजे तिला मारधाड आणि रहस्याच्या मालिका जास्त मिळाल्या. 'हॅव गन, विल ट्रॅव्हल', 'अल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स', 'थ्रिलर', 'द अनटचेबल्स', 'द फ्युजिटिव्ह'. मग 'बिविच्ड'सारखी हलकीफुलकी मालिकाही. 'द ट्वायलाइट झोन'च्या मूळ मालिकेचा एपिसोड दिग्दर्शित करणारी ती एकमेव बाई आहे. १९६४ चा 'द मास्क्स' हा तो एपिसोड. मरणाला टेकलेला श्रीमंत म्हातारा आपल्या लोभी वारसांना मध्यरात्रीपर्यंत मुखवटे घालून बसायला लावतो, अशी त्याची गोष्ट. त्याआधी याच मालिकेच्या एका एपिसोडमध्ये ती नायिकाही होती.

सेटवर तिला सगळे 'मदर' म्हणायचे. तिच्या खुर्चीवरही तशाच अर्थाचे शब्द होते. ती पुरुष तंत्रज्ञांना हुकूम सोडत नसे. मला असं काहीतरी हवंय, जमेल का, अशा सुरात ती काम सांगायची. आज हे वाचून काहींना खटकेल. मुलाखतींतही ती घर-संसाराला पहिलं स्थान देणारी भाषा बोलायची. पण सेटवरचे जवळजवळ सगळे पुरुष असताना, बाई डोक्यावर बसलीय असं कुणाला वाटू न देता हवा तो शॉट मिळवायची तिची ती पद्धत होती. पुरुष दिग्दर्शकाला ओरडायची मुभा होती. तिला नव्हती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

१९६६ : शेवटी स्टुडिओचा सिनेमा

'द बिगॅमिस्ट'नंतर १३ वर्षांनी कोलंबिया पिक्चर्सनं तिला सिनेमा दिला, 'द ट्रबल विथ एंजल्स'. नन्स चालवत असलेल्या मुलींच्या शाळेतली धमाल. मोठी स्टार रोझलिंड रसेल मदर सुपीरियर झाली होती आणि तेव्हाची लाडकी हेली मिल्स खोडकर विद्यार्थिनी. रंगीत सिनेमा, स्टुडिओचं पाठबळ, जेरी गोल्डस्मिथचं संगीत. 'नॉट वॉन्टेड'च्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

आता बघा, 'द हिच-हायकर' करणाऱ्या आणि टीव्हीवर बंदुकांचे एपिसोड लावणाऱ्या बाईला स्टुडिओनं काय दिलं? मुलींची शाळा आणि नन्स. बाईकडे बायकांचाच विषय.

तरीही तिनं त्यात स्वतःचं काहीतरी ठेवलंच. खोड्यांच्या मागे ती हळूहळू दोन बायकांचं नातं उभं करते. कडक मदर सुपीरियर आणि बंडखोर मुलगी एकमेकींना ओळखायला लागतात. मुलगी शेवटी नन व्हायचं ठरवते, तेव्हा तिला कुणी भाग पाडलंय असं वाटत नाही. तिचा निर्णय तिचाच असतो.

सिनेमा चालला. इतका की दोन वर्षांनी त्याचा पुढचा भाग निघाला, 'व्हेअर एंजल्स गो, ट्रबल फॉलोज'. दिग्दर्शक होते जेम्स नीलसन.

आयडानं पुन्हा कधीच सिनेमा दिग्दर्शित केला नाही. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. काही काळ टीव्ही केलं, अभिनय केला. १९७२ च्या 'ज्युनिअर बॉनर'मध्ये ती स्टीव्ह मॅक्वीनच्या आईच्या भूमिकेत दिसते. १९७० चं दशक संपता संपता ती पडद्यावरून दूर झाली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी तिचं निधन झालं. कर्करोगावर उपचार चालू असताना तिला पक्षाघाताचा झटका आला होता.

मग बदललं काय?

तिच्यानंतर हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी दिग्दर्शन करणारी महत्त्वाची बाई म्हणून एलेन मे हिचं नाव येतं. साल १९७१, सिनेमा 'अ न्यू लीफ'. मधली पाच वर्षं जवळपास कोरडी.

आणि आजचं म्हणाल तर दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. कॉलिन ट्रेव्हॉरोनं २०१२ मध्ये 'सेफ्टी नॉट गॅरंटीड' हा छोटा सिनेमा केला आणि २०१५ मध्ये त्याचा 'ज्युरासिक वर्ल्ड' आला. तीन वर्षं. पॅटी जेंकिन्सनं २००३ मध्ये 'मॉन्स्टर' केला, त्यातल्या भूमिकेसाठी शार्लिझ थेरॉनला ऑस्कर मिळालं. तिचा पुढचा सिनेमा 'वंडर वूमन' आला २०१७ मध्ये. चौदा वर्षं. मधल्या काळात ती काय करत होती? टीव्ही.

दोघांच्या परिस्थितीत फरक असतीलच, एका जोडीवरून नियम ठरत नाही. पण आयडाची १३ आणि पॅटीची १४ हे आकडे विसरता येत नाहीत.

उशिरा का होईना, तिच्या कामाची नोंद झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्याजोगे सिनेमे निवडले जातात. 'द हिच-हायकर' तिथं १९९८ मध्ये गेला. तिचं निधन होऊन तीन वर्षं झाली होती. 'आउटरेज' जायला २०२० उजाडलं. गंमत अशी की ज्या दोन सिनेमांसाठी तिचं नाव तिथं लागलं, ते दोन्ही तिनं स्वतःच्या कंपनीत, स्वतःच्या हट्टानं केलेले आहेत. स्टुडिओनं तिच्या हातात दिलेला विषय तिथं नाही.

'द हिच-हायकर'वर आता कुणाचा कॉपीराइट नाही, त्यामुळे तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. रीळ स्क्रोल करण्यातला तासभर बाजूला काढा आणि बघाच. गाडीच्या मागच्या सीटवरचा तो न मिटणारा डोळा नंतर बराच वेळ डोक्यातून जात नाही.